आपली बायको

उमुएलेके,
९ जानेवारी १९८८

चि. ओबिएचिना यास उझोमाकाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. कोनफळं कोठारात नीट लागली. आई सकाळीच नवं वस्त्र नेसून, डोक्याला फडकं बांधून तुझ्या सासुरवाडीला गेली. वरमाई म्हणून शोभत होती. तू सांगितलंस म्हणून मी घरी राहिले.

लहानपणी तू एकदा मला आई म्हणालास. बाबांनी मारलं ते मला, तुला नाही. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून मला उजवलं नाही, वंशासाठी घरातच ठेवलं. मी तुला जन्म दिला. तू बाबांचा मुलगा झालास आणि मी ताई. रीतच तशी, गावालाही ठाऊक. माझ्याकडे कोण यायचं ते मात्र कुणी विचारलं नाही. विचारायचं नसतंच.

आता सोयरीक ठरवताना चुलत्यांनी दोन्हीकडची नाती तपासली. बापाकडची पाहिली, आईकडची पाहिली. कुठे काही लागलं नाही. कसं लागणार?

महिन्यापूर्वी मी तुझ्या दारात आले. ही मुलगी करू नकोस, म्हटलं. पुढचं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आत चल म्हणत होते. तू मित्रांकडे बघून हसलास.

"ताई, तुला कुणी नेलं नाही म्हणून मीही बिनलग्नाचा राहू? तू लग्नाला येऊ नकोस. बहिणीनं बहिणीसारखं राहावं."

मला फार लागलं ते. मग मी बहिणीसारखी राहिले, गप्प.

तुझ्या नवरीचा, इफेसिनाचीचा बाप ताडी काढायचा; आनेने त्याचं नाव. आपल्या कुंपणातल्या ताडावर चढायचा आणि उतरला की माझ्या खोलीत यायचा. तुझं कपाळ त्याचंच आहे. तो वारल्यापासून हे माहीत असलेली मी एकटीच होते.

आत्तापर्यंत तिनं गुडघे टेकून तुला ताडीचा पेला दिला असेल, आणि सगळ्यांसमोर तू तो प्यायला असशील, म्हणजे लग्न लागलं. हे पत्र तुमच्या एनुगूच्या पत्त्यावर टाकणार आहे, पण लगेच नाही. आधी संसार लागू दे. मग दोघं मिळून वाचा.

तिला सून म्हणावं, वहिनी म्हणावं की तुझी बहीण, हा प्रश्न मला पडत नाही. घरात आलेल्या मुलीला आपल्यात सगळेच 'आपली बायको' म्हणतात. आपल्या बायकोला सांभाळ.

तू सांगितलंस तशीच,
तुझी बहीण
उझोमाका