ताईचे दोन ट्रक

रविवार, संध्याकाळ. मुरलीपुरा, जयपूर.

नागपूरहून ताईचं पार्सल आलं. कुरिअरवाले भैया गेल्यावर उघडलं, तर आत तिचे दोन ट्रक! म्हणजे आमच्या जोडायच्या जपानी खेळण्यातल्या रोबोटचे पाय.

लहानपणी त्याच्यावरून भांडायचो म्हणून बाबांनी वाटणी केली होती. धड होणारं विमान माझं, दोन ट्रक तिचे. मोठेपणी शहरं वेगळी झाली, तेव्हापासून ती जयपूरला आली किंवा मी नागपूरला गेले, की चहाच्या आधी जोडणी. टक्, टक्, की रोबोट उभा. माझ्या कपाटातले बाकी सगळे रोबोट अख्खे आहेत, हा एकच कमरेपर्यंत.

फोन केला. म्हणाली, "अगं, माझं आता तिकडे कुठे येणं होतंय? पुरा तुझ्याकडेच राहू दे."

पुरा. आनंद व्हायला हवा होता ना मला? जोडून पाहिला. टक्, टक्. छान उभा राहिला. तरी मन लागेना. तिची तब्येत कशी आहे, हे विचारायचं राहिलंच की.

शेवटी पाय काढले. उजवा ठेवून घेतला. डावा पुन्हा पार्सल केलाय, उद्या ऑफिसला जाताना ताईला पाठवते. एका पायावर तो काही उभा राहत नाही. तिला यावं लागेल, नाहीतर मला जावं.