मागच्या चाकाचा ठेका

जावईबापू,

मी येईपर्यंत मोटार हलवू नका. कीर्तनाहून येताना मागून खणखण ऐकू आली. मले वाटलं, सीटखालचे टाळ वाजून राह्यले. ते मांडीवर घेतले, तरी ठेका चालूच! मग उतारावर इंजिन बंद करून पाहिलं. गाडी मंदावली तसा ठेकाही मंदावला. म्हणजे इंजिन नाई, चाक! उतरून पाहिलं, तर काल तुम्ही बदललेल्या चाकाचे नट बोटांनी फिरत होते. एका बोल्टाचे आटेही गेलेत.

नवा बोल्ट आणायला सायकलनं वडशाला चाललो. तोवर कमळाला कळा सुरू झाल्या, तर विठ्ठलाचं नाव घेऊन वारलूच्या छकड्यातून दवाखान्यात न्या. त्याले सांगून ठेवलं आहे. चाक कोणी बसवलं, असं पोरीनं विचारलंच, तर म्हणा, बाबांनी.

गुणवंतराव