घळीच्या तोंडावरची माता

३ नोव्हेंबर
वस्तीच्या कमिटीचा अध्यक्ष झालो. बिनविरोध. (दुसरं कोणी आलंच नव्हतं.) पहिला निर्णय: घळीत कचरा टाकणं बंद म्हणजे बंद! खालच्या झऱ्याचं पाणी आम्ही सगळे पितो. बोर्ड लावला: 'कचरा टाकू नये. हुकुमावरून, एलेउतेरिओ बारालेस.'

६ नोव्हेंबर
बोर्ड सापडला. घळीत, कचऱ्याखाली.

९ नोव्हेंबर
जालीम उपाय! ग्वादालुपेच्या मारियामातेसमोर घाण टाकायची कुणाची छाती आहे? घळीच्या तोंडाशी छोटं देऊळ बांधणार. बायको ओर्तेन्सिया म्हणाली, "तुम्हाला कुणी भीक घालत नाही, म्हणून आता तिला उभी करताय उन्हात." हिला दूरदृष्टी नाही.

२५ नोव्हेंबर
मूर्ती बसून आठवडा झाला. एक पिशवी पडली नाही. जिंकलो! पण बारा डिसेंबरला मातेचा सण, आणि मिरवणुकीला वाट अरुंद. मधले दगडी खांब उपटून खडी टाकणार. रेफुहिओ आजी म्हणाल्या, "अरे बाबा, ते खांब माझ्या नवऱ्याने का रोवले होते, ते विचार तरी." कुणाला विचारणार? तो वारला.

२ डिसेंबर
रस्ता झक्कास. पहिला ट्रक आलासुद्धा. नंबरप्लेट नाही. ड्रायव्हरने मातेसमोर टोपी काढली. भाविक माणूस.

५ डिसेंबर
आज तीन ट्रक. निळे ड्रम, देवळाच्या मागे घळीत सोडतात. पुढे नाही, म्हणजे धाक आहेच. ड्रमवर कवटीचं चित्र. मृतांच्या सणाची उरलेली सजावट असावी.

८ डिसेंबर
सणासाठी ओर्तेन्सियाने पोसलेला टर्की झऱ्यावर पाणी पिऊन आला आणि अंगणात आडवा झाला. वय झालं असेल. (आठ महिने.)

१० डिसेंबर
ड्रायव्हरला जाब विचारायला गेलो. तोच खाली उतरला. "एलेउतेरिओसाहेब ना? रस्ता फर्स्टक्लास केलात! खांबांमुळे आमची मोठी गाडी येतच नव्हती." मग म्हणाला, "निळ्या दाराचं घर तुमचं. सकाळी वहिनी एकट्याच असतात, नाही का?" मी हो म्हणालो. त्याने मातेपुढे मेणबत्ती लावली. मला भीती वाटली. जाब उद्या.

१२ डिसेंबर
मिरवणूक दणक्यात. शेवटी रेफुहिओ आजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाण्याला वास कसला येतोय, अध्यक्ष?" ड्रायव्हर गर्दीतच उभा होता, टोपी हातात धरून. मी ग्लासभर पाणी पिऊन दाखवलं. गोड आहे म्हणालो. जीभ अजून बधिर आहे.
मग सगळ्यांनी बादल्या भरून नेल्या. ओर्तेन्सियानेही.