तीन झऱ्यांचे मासे, एक टब

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त कमरेपर्यंतचाच पोचता करतो, उरलेला भेटलो की.) तुझा गुडघा काय म्हणतो? काकांनी नवा चष्मा केला, की अजून हात लांब करकरूनच वर्तमानपत्र वाचतात? इकडे सगळे मजेत आहेत. म्हणजे बायको मजेत, मुलगी मजेत. माझं विचारशील तर पत्र शेवटपर्यंत वाच.

मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मासे सांभाळतो, हे तू लोकांना ‘भाचा संशोधनात असतो’ असं सांगतेस, त्याबद्दल आभारी आहे. संशोधन आमच्या बाई करतात. मी मासे खाऊ घालतो, पाणी बदलतो, काचा पुसतो. चौदा वर्षं झाली. आमचे मासे गंधकाच्या झऱ्यांतले. ते पाणी इतकं विषारी की साधा मासा सोडला तर मिनिटाभरात उलटा होतो, आणि वास सडक्या अंड्यांचा. (मला तो आता येत नाही. बसमध्ये शेजारची जागा मात्र नेहमी रिकामी मिळते. बायकोने माझ्या कपड्यांची दोरी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला बांधली आहे.) असे तीन झरे, तिन्ही एकमेकांपासून लांब, मध्ये डोंगर. प्रत्येकात कधीकाळी शेजारच्या नदीतला साधा मासा शिरला, आणि पिढ्यान् पिढ्या मरत-जगत तिन्हीकडचे मासे सारखेच होऊन बसले. डोकं मोठं, कल्ले मोठे, तोंड सतत पाण्याच्या वर काढून हवा शोधत असलेलं, आणि विष अंगातच जिरवायची सोय. कुणी कुणाला विचारलं नाही, पत्र लिहिलं नाही. बाई म्हणतात, हे जगभर चालतं. अंधाऱ्या गुहांत मासे वेगवेगळ्या ठिकाणी डोळे टाकून बसले. दोन ध्रुवांकडच्या माशांनी रक्त गोठू नये म्हणून तोच उपाय आपापला शोधला. संकट सारखं असलं की मासा पुन्हा पुन्हा त्याच उत्तराला येऊन पोचतो. तीन घरांतून आलेल्या तीन सुना एका सासूच्या हाताखाली दहा वर्षांत सारख्याच गप्प होतात, तसं. (हे तुला उद्देशून नाही.)

तर येत्या सोमवारी बाहेरून दोन मोठे तज्ज्ञ येणार आहेत. बाईंचं अकरा वर्षांचं काम ते बघणार, आणि प्रयोगशाळा पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरवणार. मला वाटलं, निदान काचा तरी लखलखीत असाव्यात. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिन्ही टाक्या घासायच्या तर मासे तीन वेगळ्या टबांत काढायला हवेत, आणि प्रत्येक टबाला गंधकाचं पाणी वेगळं मुरवायला हवं. एवढा उपद्व्याप कोण करतो? मी तिन्ही टाक्यांतले मासे एकाच टबात ओतले. वेडेपणा म्हणून नाही, मावशी, घमेंड म्हणून. येणाऱ्याजाणाऱ्याला मी वर्षानुवर्षं सांगत आलोय की मी एकेकाला तोंडावरून ओळखतो. पहिल्या झऱ्याचा मासा लाजरा, दुसऱ्याचा खादाड, तिसऱ्याचा खडूस. टाक्या झक्क झाल्या. मी जाळी घेऊन टबात डोकावलो आणि एकसष्ट लाजऱ्या, खादाड, खडूस माशांनी वर तोंड करून माझ्याकडे पाहिलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. खाणं टाकून पाहिलं, सगळे खादाड निघाले. टबावर टिचकी मारली, सगळे लाजरे. आमच्या कारकुनाला बोलावलं, तर त्याने अर्धा तास निरखून एक मासा त्याच्या साडूसारखा दिसतो एवढं सांगितलं. शेवटी मी जाळीत येईल तो मासा मनाला येईल त्या टाकीत सोडला. आकडे मात्र चोख जुळवले: वीस, एकवीस, वीस. मग बाई आल्या. चकाकत्या काचांपुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त असते.” प्रकरण मिटलं. मासे बोलत नाहीत, कारकून साडूत अडकला आहे आणि तू कुणाला सांगणार नाहीस. बाकी सर्व क्षेम.

तुझा भाचा

ता. क. वरचं सकाळी लिहिलं, आता दुपार झाली आहे. प्रकरण मिटलेलं नाही. बाई जेवणाच्या सुट्टीत ‘टाकी दुसरी’ असं लिहून त्यातल्या माशांची मापं घेत होत्या, अगदी मन लावून, आणि ते खोटं टाकीवरच्या माझ्या अक्षरातल्या चिठ्ठीवरून त्यांच्या वहीत चाललं होतं. मला बघवेना. सांगून टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. विचारलं, “एखादा मेला का?” म्हटलं, “नाही.” “आणखी कुणाला माहीत आहे?” म्हटलं, “मावशीला, पण पत्र अजून खिशातच आहे.” मी सोमवारपासून येऊ नको का, असंही विचारलं. म्हणाल्या, “सोमवारी तुम्ही पाहुण्यांपुढे उभं राहून हे सगळं स्वतः सांगायचं. चौदा वर्षं खाऊ घालणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत, ही गोष्ट माझ्या तक्त्यांपेक्षा त्यांना लवकर पटेल.” हसल्या मात्र नाहीत. मला फार लाज वाटली, मावशी, आणि फार हलकंही वाटलं.

ता. क. २. आता मुख्य काम. शेपटीचा तांदळाएवढा तुकडा तपासला की कोण कुठल्या झऱ्याचा ते कळतं (शेपटी परत वाढते), पण निकाल यायला तीन आठवडे लागतात, आणि तोवर प्रत्येक मासा वेगळा हवा. तुझ्या माळ्यावर गेली तीस वर्षं जपलेल्या रिकाम्या काचेच्या बरण्या आहेत. त्यांना मागे मी भंगार म्हणालो होतो. ते शब्द मागे घेतो. रुंद तोंडाच्या दे. त्यांचा वास नंतर जाणार नाही, त्या परत मागू नकोस. तू आनंदाने हो म्हणालीस, असं मी बाईंना सांगून बसलोय. रविवारी येतो. आणि नीट मोजून एकसष्टच काढून ठेव. साठ दिल्यास तर दोघांना एकत्र ठेवावं लागेल, आणि मग त्यातला कोण कुठला हे पुन्हा मला ओळखावं लागेल.