एक मूठ, पण कुणाची?

४ नोव्हेंबर
जालन्याच्या जुन्या पदार्थांची वही भरत आली. आता फक्त नानखलिया, म्हणजे तंदुरी नान आणि मटणाचा रस्सा. दिल्लीहून दौलताबादेला आलेल्या फौजेबरोबर आला म्हणतात. गाव बदललं, गिरण्या गेल्या, लग्नातल्या रस्सा शिजवायच्या मोठाल्या देगा तेवढ्या राहिल्या. शाळा सुटल्यावर रशीदभाईंच्या नानखलियाच्या दुकानी गेलो. नीट बोलता येईना त्यांना. जिभेवर गाठ आहे. वीस तारखेला संभाजीनगरला ऑपरेशन, अर्धी जीभ काढणार.
"जल्दी लिहून घ्या, सर."
वाईट वाटलं. आणि वेळेत पोचलो म्हणून बरंही वाटलं. हे दुसरं कुणाला सांगण्यासारखं नाही.

७ नोव्हें.
सगळं उतरवलं. नानवर हळद-गुळाचं पाणी. खलियात खोबरं, खसखस, चारोळी. गरम मसाला मटणाच्या किलोला एक मूठ. ग्रॅममध्ये विचारलं तर हसले र.भाई. "ग्रॅम कशाला पायजे? एक मूठ म्हंजे एक मूठ."

१० नोव्हें., रविवार
घरी करून पाहिला. कडूजहर. लवंग घशात बसली. सुनीतानं एक घास खाऊन ताट सरकवलं.
"मूठ कुणाची घेतली?"
माझीच, दुसऱ्या कुणाची?
"तुमचा पंजा बघा एकदा. त्यांच्याकडं मसाला कोण घालायचं?"
बायको म्हणून सांगत नाही, पण अक्कल तिलाच. रशीदभाईंच्या बायको, हमीदाभाभी घालायच्या. लहान मुलीच्या मापाच्या बांगड्या लागायच्या त्यांना. दोन वर्षं झाली जाऊन.

११ नोव्हें.
र.भाईंना विचारलं. खाली बघत म्हणाले,
"तिचीच मूठ, सर. मी कधी हात न्हाई लावला."
मग ही दोन वर्षं?
"बाजारातला पुडा. कोणी काय बोललंच न्हाई. तुम्हीबी न्हाई."
दर शुक्रवारी खात होतो मी तिथं. बोटं चाटून. आणि निघालोय गावाची चव लिहायला! स्वतःची अशी चीड कधी आली नव्हती.

१६ नोव्हें.
त्यांची लेक शबाना परतूरहून आली. हात अगदी आईचा. मसाला तिनंच कुटला, तिच्याच मुठीनं घातला. पहिला घास अब्बांना. र.भाई घोळवत राहिले तोंडात, मग मान हलवली. नुसती आग होते म्हणे, चव लागत नाही. डोळ्यांतून पाणी.
"सर, तुम्ही सांगा. अम्मीसारखा झालाय का? मला तर आता माझ्याच हाताची सवय झालीय."
दोघं माझ्याकडं बघत होते.
"बिलकुल तसाच," म्हणालो.
चांगला झाला होता. भाभींचा कसा असायचा, आठवत नाही मला. खरंच आठवत नाही.

१९ नोव्हें.
ते संभाजीनगरला निघाले. गाडीत बसताना माझा हात धरून म्हणाले, "आता बेफिकीर झालो, सर." त्यांच्या तोंडून ऐकलेलं बहुतेक हेच शेवटचं. मान वर करवेना.

२३ नोव्हें.
शबानाचा फोन. ऑपरेशन झालं. बोलता येत नाही, पाटीवर लिहून विचारतात.
"सर, अब्बा इचारून राह्यले, वहीत लिहिलं का?"
लिहितो म्हणालो.
वही उघडून बसलोय. 'मटणाच्या किलोला एक मूठ' इथवर झालं. पुढं कुणाची ते लिहायचंय.