डॉगवुडच्या थंडीतलं पाणी

स्लेट क्रीक,
मंगळवार

प्रिय रोंडा,

परवा तुझा फोन ठेवला तेव्हा मी रागात होते, म्हणून धड काही बोलले नाही. मी बोलायला लागले की तू मधेच "आई, आधी माझं ऐकून घे" म्हणतेस, आणि मग ऐकायचं काम माझ्याकडेच येतं. पत्रात ती सोय नाही. इथे मी बोलायचं आणि तू गप्प बसायचं. जाड मार्करनं लिहितेय, कारण स्वयंपाकघरात दुसरं पेन सापडलं नाही. ओळी उताराला लागल्या असतील तर कागद तिरका धर आणि वाच.

येत्या रविवारी मासेमारी क्लबचा ड्वेन पकेट ट्रेलर घेऊन येणार आणि बोट घेऊन जाणार. तुझ्या बाबांची, हर्शेलची वही क्लबच्या काचेच्या कपाटात जाणार. तू लेक्सिंग्टनहून बोटीचे कागद आणणार आणि मी त्यावर सही करणार. हे सगळं तुमचं दोघांचं ठरलं. तू ड्वेनशी बोललीस, ड्वेन तुझ्याशी बोलला, आणि मी घरातल्या जुन्या फ्रीजसारखी, कुठे हलवायची एवढंच ठरवायचं राहिलेली. माझं उत्तर नाही असं आहे. ते फोनवर एका शब्दात सांगता आलं असतं, पण तू कारण विचारलं असतंस आणि कारण एका शब्दाचं नाही.

"बाबांची वही होती म्हणून तुला स्पर्धेत जमलं, आई," असं तू म्हणालीस ना, तिथे माझं डोकं फिरलं. ती वही सगळ्या तालुक्याला माहीत आहे. एकतीस वर्षं, प्रत्येक फेरीची तारीख, पाणी किती अंश फॅरनहाइट, किती खोल, बास मासे कुठे सापडले. अक्षर हर्शेलचं, मोत्यासारखं. पण तो पुढच्या खुर्चीवर बसून लिहायचा, तेव्हा मागच्या खुर्चीवर कोण असायचं? मी. व्हिस्कीची रिकामी बाटली, तिच्या बुडाला शिशाचं वजन, तोंडाला बूच, बुचाला वेगळी दोरी. मोठ्या दोरीला दर पाच फुटांवर गाठ. बाटली खाली सोडायची, बोटांनी गाठी मोजायच्या, हव्या त्या खोलीला बुचाची दोरी हिसडायची, बुडबुडे थांबले की वर ओढायची आणि आत थर्मामीटर घालायचा. बोटीवरचं यंत्र फक्त वरचं पाणी सांगतं, आणि वरचं पाणी दुपारच्या उन्हात सर्रास खोटं बोलतं. खालचं खरं पाणी मी वर काढत होते. जानेवारीत बोटं निळी पडेपर्यंत. मी ओरडायची "दहा फुटांवर अठ्ठेचाळीस", तो लिहायचा. आकडे माझे होते ग. त्यानंही कधी नाकारलं नाही, फक्त लोकांना सांगायचं राहून गेलं, आणि मलाही तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

ऑक्टोबरची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. हर्शेल ऑगस्टमध्ये गेला, आणि दोन महिन्यांनी मी क्लबच्या जोडीच्या स्पर्धेत एकटीनं नाव दिलं. तेव्हा मात्र मी वही मांडीवर घेऊनच गेले होते. बारा ऑक्टोबर, त्याच्या अक्षरात लिहिलेलं, धरणाच्या तळ्यातल्या खाडीच्या अगदी आतल्या टोकाला, चार फूट पाण्यात. मी तिथे गेले आणि दिवसभर तिथेच बसले. गेल्या वर्षी उन्हाळा लांबला होता, पाणी अजून शहात्तरवर होतं. बास थंडीची चाहूल लागल्यावर छोट्या माशांच्या मागे खाडीत शिरतात, तारीख बघून शिरत नाहीत. हे मला कोणी शिकवायला नको होतं. बाटली पायाशी पडलेली असून मी ती पाण्यात सोडली नाही. इथले लोक याला आठवणींत गळ टाकणं म्हणतात आणि त्यावरून एकमेकांची फिरकी घेतात. मी ते सबंध आठ तास केलं. मी मासे शोधायला गेलेच नव्हते, रोंडा. तो जिथे होता तिथे जाऊन बसले होते. रिकाम्या हातानं परत आले तेव्हा ड्वेननं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "असू दे व्हर्नाकाकू, आलात हेच पुष्कळ." मला ते वाक्य थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मी आले हे पुष्कळ नव्हतं. त्या दिवशी वही ड्रॉवरमध्ये टाकली ती टाकलीच.

आता गेल्या शनिवारच्या स्पर्धेचं. गेल्या आठवड्यात इथे डॉगवुड फुलला, सगळ्या टेकड्या पांढऱ्या झाल्या, आणि क्लबातले झाडून सगळे खूश. डॉगवुड फुलला की बास अंडी घालायला काठाच्या उथळ पाण्यात येतात, हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण फूल आलं की पाठोपाठ डॉगवुडची थंडी येते, हेही त्याच पोराला माहीत असतं. या वेळी ती बरोबर बुधवारी आली. तीन दिवस बर्फासारखा पाऊस. शनिवारी सकाळी धक्क्यावर सगळे कानटोप्या घालून उभे, तोंडातून वाफ, आणि तरी प्रत्येकाच्या बोटीचं तोंड काठाकडे. झाडावरचं फूल दिसतं, पाण्याचं अंग दिसत नाही.

मी लांब गेले नाही. मोठं इंजिन सुरूच केलं नाही, विजेच्या छोट्या मोटरवर काठाकाठानं अर्धा मैल. आधी खाडीच्या आत बाटली सोडली. ओहोळाचं पाणी तिथे येऊन साठलं होतं, थंडगार. मी ते मनगटावर ओतलं. तू दोन महिन्यांची असताना तुझं दूध बघायची तसं. थर्मामीटर काढलाच नाही. बावन्न असेल फार तर. अठ्ठावन्नपर्यंत चढलेलं पाणी असं धाडकन उतरलं की बास उथळात थांबत नाहीत, पण तळ्याच्या मधोमधही पळून जात नाहीत. एक पायरी मागे सरकतात आणि वाट बघतात. पायरी कुठे आहे एवढंच शोधायचं. मी बाहेर बाहेर येत राहिले, दर पन्नास हातांवर बाटली, दर बाटलीला मनगट. तिसरी गाठ, पंधरा फूट, आणि पाणी एकदम मऊ लागलं. सत्तावन्न तरी. मी हसलेच. कारण कुठे आहे ते मला कळलं होतं. धरण व्हायच्या आधीचा जुना रस्ता तिथून जातो. मी अकरा वर्षांची होईपर्यंत त्याच रस्त्यानं शाळेत गेले, डाव्या हाताला चर, उजव्या हाताला स्टिवर्टांचं दगडी कुंपण. ते कुंपण अजून आहे, फक्त वर पाणी आहे.

ड्वेन आणि त्याचा मेहुणा काठाकडे जाताना जवळून गेले. मी बाटली ओढत होते. मेहुणा ओरडला, "काकू, सूप शिजवताय का?" मी म्हटलं, "हो, वाटीभर तुलाही ठेवते, संध्याकाळी लागेल." ड्वेन जरा काळजीच्या आवाजात म्हणाला, "काकू, डॉगवुड फुललाय. मासे काठावर असणार. तुम्ही मधे काय करताय?" मी म्हटलं, "तू काठ सांभाळ बाबा. मी आपली रस्त्यावर उभी आहे." त्याला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली. त्यानं तोंड वळवलं ते मला कडेनं दिसलं.

गार पाण्यात बास आळसावलेले असतात, आमिष नाचवून उपयोग नसतो. मी ते कुंपणाच्या दगडांवरून ओढत राहिले, एक दगड, मग थांबायचं, दुसरा दगड, मग थांबायचं. त्यासाठी लागतात बोटं आणि धीर. पहिला लागला तेव्हा दोरी नुसती जड झाली, ओलं फडकं अडकावं तशी. दुपारी दोनपर्यंत पाच झाले. वजनकाट्यावर सतरा पौंड चार औंस. दुसरा नंबर. पहिला आलेला पोरगा अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि त्याच्या बोटीवर विमानात असतात तेवढे स्क्रीन आहेत. काठावर गेलेल्यांपैकी निम्म्यांना एकही मासा नाही. पाचही मासे मी स्वतःच्या हातानं परत पाण्यात सोडले.

आणि मग ड्वेन भोंग्यावरून सगळ्यांना काय म्हणाला माहीत आहे? "बघा मंडळी, हर्शेलची वही अजून मासे पकडते." टाळ्या. पोरगा मनानं वाईट नाही, त्याचे डोळेसुद्धा भरून आले होते. पण मी त्याच्या हातातून भोंगा घेतला. म्हटलं, "वही माझ्या घरी ड्रॉवरमध्ये आहे, ड्वेन, जुन्या बॅटऱ्या आणि कूपनांखाली. त्यातलं अक्षर हर्शेलचं आणि आकडे माझे. आज मासे पकडले ते मी." मग मागून कोणीतरी म्हातारा म्हणाला, "खरं आहे. मी बघितलंय तिला बाटली ओढताना. तीस वर्षं बघतोय." एवढंच. मला तेवढं पुरलं. हॅम घातलेले दोन पाव खाल्ले आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी तुझा फोन.

आता जे सांगायचं टाळत इथपर्यंत आले ते सांगते. पेन सापडलं नाही हे खोटं. पेनं डबाभर आहेत, त्यांचं लिहिलेलं मला दिसत नाही. बोटीच्या उजव्या कडेचा ओरखडा, मी तुला सांगितलं तसा, ड्वेनच्या ट्रेलरचा नाही. मार्चमध्ये भर दुपारी, लख्ख उन्हात, आपल्याच धक्क्याचा खांब मला दिसला नाही. डॉक्टर म्हणाले डोळ्याचा मधला भाग गेला आहे आणि तो परत येणार नाही. जिकडे बघावं तिथे धूर, आजूबाजूला मात्र सगळं जागेवर. थर्मामीटरची लाल रेघ मला हिवाळ्यापासून वाचता येत नाही, म्हणून मनगट. तुला संशय होताच, आणि तू बरोबर होतीस. मी एकटीनं बोट चालवता कामा नये. शनिवारी चालवली ती चूक होती, पुन्हा करणार नाही. हे मी तुला लिहून देते आहे, जपून ठेव. पण तू ज्यासाठी ही बोट घरातून घालवायला निघाली आहेस, ते माझे डोळे नाहीत, निदान नुसते डोळे नाहीत. त्या बोटीत दोनच खुर्च्या होत्या. दर शनिवारी तू लाल कोट घालून मावशीचा हात धरून धक्क्यावर उभी राहायचीस, आणि आम्ही वळणाच्या पलीकडे जाईपर्यंत हात हलवायचीस. मी मागच्या खुर्चीवरून तुझ्याकडे तोंड करून बसलेली असायची, त्यामुळे मला सगळं दिसायचं. हर्शेलला दिसत नव्हतं. मला दिसत होतं आणि मी एकदाही माझी खुर्ची सोडली नाही. नऊ वर्षांची असताना एकदाच तुझ्या हातात दोरी दिली होती, धक्क्यावरच, आणि तू एकही गाठ न चुकवता मोजलीस. त्यानंतर तू पुन्हा मागितली नाहीस आणि मीही दिली नाही. त्याची माफी एका पत्रात मागून होत नाही. म्हणून रविवारी ड्वेनला ट्रेलर घरी ठेवायला सांग, कागद तुझ्या ऑफिसातच राहू देत, आणि तू सकाळी सहाला ये, जाड मोजे घालून. थंडी तोवर ओसरलेली असेल, पाणी पुन्हा चढायला लागलेलं असेल, आणि बास रस्ता सोडून काठाकडे निघालेले असतील. कुठून कुठे, ते मी सांगेन. लाल रेघ तू वाच आणि आकडे तुझ्या अक्षरात लिही, नवी वही आणून ठेवली आहे. मी मागेच बसेन, पुढची खुर्ची तुझी. बोटीची किल्ली स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आहे, ती आजपासून तुझ्याकडे राहील. बोट माझीच राहील.

तुझीच, धक्क्याकडे तोंड करून बसलेली,
आई