न टाकलेली दोनशे चौदा पत्रे

मी, म्यूरिएल झ्विकर, वय एक्क्याऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार लुनेनबर्ग, नोव्हा स्कोशिया, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फक्त गेल्या मंगळवारपासून हादरलेले आहे. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर आणि बँकेतील शिल्लक मुलगी हेदर हिला. स्वयंपाकघराची खिडकी फुगलेली आहे, ती ओढू नये.

२. लंडनहून येणाऱ्या साप्ताहिकाचे एकतीस वर्षांचे अंक वाचनालयाला. जगाच्या बातम्या आणि व्यापार मी नंतर वाचत असे. आधी वाचकांची मते. मी स्वतः दोनशे चौदा पत्रे लिहिली, एकही छापून आले नाही. अंक गुरुवारी रात्री छापायला जातो आणि त्याआधी ते फोन करून खात्री करतात, म्हणून दर गुरुवारी मी घरात कोणाला फोनला हात लावू दिला नाही. आधीच्या मृत्युपत्रात संपादकाला मी 'गर्विष्ठ' म्हटले होते. तो शब्द मागे घेते. त्या बिचाऱ्याला माझे नावही ठाऊक नाही.

३. या उन्हाळ्यात वारलेले माझे पती लॉर्न यांची सुतारकामाची पेटी त्यांचा होडीकामातला सोबती एल्डन कॉर्कम याला. मंगळवारी हेदरने ती उघडली.

"आई, रंध्याखाली हे काय गं? सगळी तुझीच पाकिटं!"

पत्रे टपालात टाकायचे काम लॉर्नकडे होते. मी पाकिटे मोजली, दोनशे चौदा भरली. त्याच दिवशी चर्चला कळवले, मला लॉर्नशेजारी पुरू नका, कुंपणाजवळ एकटीला जागा द्या. मग एल्डनला बोलावले.

"तुला ठाऊक होतं?"

"अख्ख्या धक्क्याला ठाऊक होतं, म्यूरिएल. पहिल्याच पत्रात तू आमच्या मालकाला नाव घेऊन झोडपलं होतंस. छापलं असतं तर लॉर्नची नोकरी गेली असती. म्हणून त्याने ठेवून घेतलं. पण शनिवारी आम्हाला वाचून दाखवलं. पुढे आम्हीच विचारायला लागलो, बाईंचं नवं आलं का?"

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"कळलं असतं तर तू लिहायचं सोडलं असतंस. मग आम्ही भांडायचं कशावर?"

प्रत्येक पाकिटामागे लॉर्नच्या अक्षरात, पेन्सिलीने, कोण काय म्हणाले ते आहे. मासेमारीबंदीच्या पत्रामागे सात जणांची मते आणि खाली: 'म्यूरिएलचं बरोबर. एल्डन गाढव.' जेवताना मीठ मागण्यापलीकडे ज्याने कधी मत दिले नाही, त्या माणसाने हे लिहावे! मला अजून विश्वास बसत नाही. वाचक माझ्या गावात होते आणि मी एकतीस वर्षे लंडनच्या नावाने बोटे मोडत बसले.

४. पाकिटे हेदरला. सोबतचे दोनशे पंधरावे पत्र तिने आधी धक्क्यावर वाचून दाखवावे, मग टपालकचेरीच्या खिडकीत स्वतःच्या हाताने द्यावे.

५. चर्चला कळवलेले रद्द. मला लॉर्नशेजारीच पुरावे. मी त्याला माफ केलेले नाही. पण एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पत्रामागे त्याने लिहिले आहे, 'इथे ती साफ चुकली.' त्याचे उत्तर मी टपालाने पाठवणार नाही.

आमच्यासमोर सही केली:
मर्ना हिर्टल, टपालकचेरी
क्लाइड वेनॉट, चर्चचे पाद्री

म्यूरिएल झ्विकर
लुनेनबर्ग, गुरुवार, ९ ऑक्टोबर २०१४